थंडरबर्डमध्ये थ्रेड उघडायला वेळ लागतो: दुरुस्ती कोणत्या क्रमाने करायची

जालन्यातलं बियाणे कंपनीचं ऑफिस असो, लातूरच्या मार्केट यार्डातली भुसार अडत असो की वाळूजमधला छोटा कारखाना, प्रसंग सारखाच असतो. फोनवर पार्टी ताटकळलेली असते, "मागच्या खरिपात तुम्ही काय भाव लिहून दिला होता ते काढा" म्हणते. इकडे थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्राममध्ये त्या मेलवर क्लिक केलं की पडदा पांढरा होतो आणि चक्र फिरत राहतं. मग कुणीतरी सांगतं, ती ग्लोबल इंडेक्सची (सगळ्या मेलच्या शोधसूचीची) फाइल उडवा, सगळं पळायला लागेल. फाइल उडवली जाते, दिवसभर मशीन आणखी मंद चालतं, आणि आठवड्याभरात गाडी मूळ पदावर येते.

इंडेक्सची फाइल नव्याने बांधावी लागते हे खरं आहे, पण ते काम शेवटी करायचं असतं. मेलच्या मूळ फाइली कचऱ्याने भरलेल्या असताना इंडेक्स बांधला, तर तो त्या कचऱ्यावरच बांधला जातो. म्हणून या लेखात क्रमावर भर आहे. टप्पे दिले आहेत तसेच, एकापाठोपाठ एक करा.

हे सगळं विंडोजवरच्या थंडरबर्डसाठी आहे, २०२३ साली आलेली ११५ क्रमांकाची आवृत्ती किंवा त्यानंतरची. मेनूची नावं पडद्यावर इंग्रजीत दिसतात, तीच इथे देवनागरीत लिहिली आहेत. वरची मेनूपट्टी दिसत नसेल तर कीबोर्डवरचं ऑल्ट बटण दाबा.

आधी तीन फाइली ओळखा

थ्रेड, म्हणजे एक मेल आणि त्याला जोडलेली उत्तरं, उघडताना थंडरबर्ड तीन ठिकाणी हात घालतो.

पहिली म्हणजे मेलची मूळ फाइल. इनबॉक्स नावाची, पुढे कुठलंही एक्स्टेन्शन नसलेली एकच मोठी फाइल. तुमचे हजारो मेल या एका फाइलीत एकाखाली एक चिकटवलेले असतात. मेल डिलीट केला तरी या फाइलीतून तो निघत नाही, त्यावर फक्त 'काढलेला' अशी खूण होते.

दुसरी इनबॉक्स डॉट एमएसएफ. ही यादी आहे. कुठला मेल मूळ फाइलीत कुठे सुरू होतो, विषय काय, तारीख काय आणि तो कोणत्या मेलचं उत्तर आहे, हे तिच्यात असतं. मधल्या यादीत मेल एकाखाली एक जोडलेले दिसतात ते हिच्यामुळे.

तिसरी ग्लोबल मेसेजेस डीबी डॉट एसक्यूलाइट. हाच वर म्हटलेला ग्लोबल इंडेक्स, सगळ्या फोल्डरांचा मिळून एक असतो. वरच्या शोधपट्टीतला शोध आणि 'ओपन इन कॉन्व्हर्सेशन' हिच्यावर चालतात. आलेला मेल इनबॉक्समध्ये आणि तुमचं उत्तर सेंटमध्ये असलं, तरी दोन्ही एका टॅबमध्ये दिसतात ते हिच्या जोरावर.

यादीतला थ्रेड उलगडायला वेळ लागत असेल तर दोष पहिल्या दोन फाइलींत असतो. कॉन्व्हर्सेशनचा टॅब उशिरा भरत असेल तर तिसरीत. हा फरक न बघता हात घातला की दिवस वाया जातो.

टप्पा १: नेमकं काय अडतंय ते तपासा

घड्याळ किंवा मोबाईलचं स्टॉपवॉच घ्या आणि आकडे कागदावर लिहा. 'हळू चालतं' एवढ्यावर दुरुस्ती होत नाही.

१. वीस-पंचवीस मेलचा एक जुना थ्रेड निवडा. शेवटपर्यंत हाच वापरायचा आहे. इनबॉक्समध्ये तो उलगडा आणि मधल्या एखाद्या मेलवर क्लिक करा. मजकूर दिसायला किती सेकंद लागले?

२. त्याच मेलवर कंट्रोल, शिफ्ट आणि ओ एकत्र दाबा. कॉन्व्हर्सेशनचा टॅब भरायला किती सेकंद?

३. आता फाइल, ऑफलाइन, वर्क ऑफलाइन असं करून नेट तोडा, आणि त्याच थ्रेडमधला आधी न उघडलेला मेल उघडा.

तिसरी चाचणी सगळ्यात महत्त्वाची. ऑफलाइन असताना मेल झटकन उघडला, तर तुमचं मशीन ठीक आहे आणि अडचण सर्व्हर किंवा नेटची आहे. ऑफलाइन असूनही तेवढाच वेळ लागला, तर दोष मशीनवरच्या फाइलींत आहे. ऑफलाइन असताना मजकूरच आला नाही, तर तो मेल मशीनवर उतरवलेलाच नाही, प्रत्येक क्लिकला तो सर्व्हरवरून येतो. हे तिसरं कारण आमच्या भागात फार सापडतं, कारण बरीच ऑफिसं मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चालतात आणि डेटा वाचवायला कुणीतरी मेल उतरवणं बंद करून ठेवलेलं असतं.

४. हेल्प मेनूतून ट्रबलशूट मोडमध्ये थंडरबर्ड चालू करून पहिल्या दोन चाचण्या पुन्हा करा. इथे वेग आला तर एखादं ॲड-ऑन (थंडरबर्डला वरून जोडलेली सोय) त्रास देतंय. ॲड-ऑन एकेक करून बंद करत जा. पुढचे टप्पे लागणारही नाहीत.

*तपासणी:* कागदावर चार ओळी असायला हव्यात: यादीतून किती सेकंद, कॉन्व्हर्सेशनला किती, ऑफलाइन किती, ट्रबलशूट मोडमध्ये किती.

टप्पा २: तयारी

इथे घाई केली तर पुढे मेल जातात.

*लाईट.* रिपेअर (यादी नव्याने बांधणं) किंवा कॉम्पॅक्ट (मूळ फाइलीतले काढलेले मेल खरोखर बाहेर काढणं) चालू असताना लाईट गेली आणि मशीन बंद पडलं, तर फोल्डरची यादी अर्धवट राहते. इन्व्हर्टर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. पुष्कळ इन्व्हर्टरांवर यूपीएस आणि नॉर्मल असं बटण असतं. ते नॉर्मलवर असेल तर लाईट जाताना मधला क्षण इतका लांबतो की पंखा फिरत राहतो, कॉम्प्युटर मात्र रिस्टार्ट होतो. बटण यूपीएसवर करा, किंवा मशीनला वेगळा यूपीएस लावा. लॅपटॉप असेल तर बॅटरी भरून घ्या. भारनियमनाची वेळ माहीत असेल तर ती टाळून काम धरा.

*डिस्कवर जागा.* कॉम्पॅक्ट करताना थंडरबर्ड त्या फोल्डरची नवी प्रत लिहितो आणि मग जुनी काढतो. इनबॉक्स ६ जीबीचा असेल तर निदान तेवढी जागा मोकळी हवीच, दुप्पट असली तर उत्तम.

*बॅकअप.* हेल्प मेनूतल्या मोअर ट्रबलशूटिंग इन्फर्मेशनमध्ये जा. तिथे प्रोफाइल फोल्डरसमोर (तुमचे मेल आणि सेटिंग्ज यातच असतात) ओपन फोल्डर असं बटण आहे. ते दाबून जागा पाहून घ्या. मग फाइल, एक्झिट करून थंडरबर्ड बंद करा आणि टास्क मॅनेजरमध्ये त्याचं नाव गेल्याची खात्री करा. उघड्या थंडरबर्डची कॉपी भरवशाची नसते. त्यानंतर तो सगळा प्रोफाइल फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा.

दोन ठिकाणी लोक फसतात. टूल्स मेनूतलं एक्सपोर्ट हे २ जीबीपेक्षा मोठ्या प्रोफाइलसाठी नाही, त्याच्यावर विसंबू नका. आणि पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉर्मॅट केलेला असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल त्यावर बसत नाही. नेमका इनबॉक्सच मागे राहतो आणि बॅकअप झाला असं वाटतं. पेनड्राइव्ह आधी एक्सफॅट किंवा एनटीएफएस करून घ्या. फॉर्मॅट करताना त्यावरचं सगळं जातं, तेव्हा तो रिकामाच घ्या.

*तपासणी:* बॅकअपमधल्या इनबॉक्स फाइलीचा आकार आणि मूळ फाइलीचा आकार शेजारी शेजारी ठेवून बघा. पॉप खात्याची (मेल मशीनवर उतरवून तिथेच ठेवणाऱ्या) फाइल मेल नावाच्या फोल्डरात असते, आयमॅपची (मेल सर्व्हरवरच ठेवून मशीनशी जुळवणाऱ्या खात्याची) आयमॅपमेलमध्ये. आकार जुळला नाही तर पुढे जाऊ नका.

*प्रोफाइलची जागा.* प्रोफाइल ऑफिसच्या नेटवर्क ड्राइव्हवर किंवा वनड्राइव्हसारख्या आपोआप वर चढवणाऱ्या फोल्डरात ठेवलेला आढळला, तर दुखणं तिथेच आहे. एकाच वेळी थंडरबर्ड आणि ते दुसरं सॉफ्टवेअर त्याच फाइलींना धरून बसतात. प्रोफाइल मशीनच्या स्वतःच्या डिस्कवर हवा.

टप्पा ३: अँटिव्हायरसला वाट करून द्या

इनबॉक्स ही एकच मोठी फाइल असल्यामुळे तिच्यात एक ओळ बदलली तरी अँटिव्हायरस अख्खी फाइल पुन्हा तपासायला घेऊ शकतो. थ्रेड उघडताना मेल 'वाचला' अशी खूण होते, म्हणजे फाइल बदलते, म्हणजे पुन्हा तपासणी.

विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस असेल तर विंडोज सिक्युरिटी, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मॅनेज सेटिंग्ज, खाली एक्स्क्लूजन्स. तिथे फक्त थंडरबर्डचा प्रोफाइल फोल्डर जोडा, पूर्ण सी ड्राइव्ह नव्हे. दुसरा अँटिव्हायरस असेल तर त्यात हीच सोय वेगळ्या नावाने असते.

*सावधान:* यानंतर मेलमध्ये आलेली अटॅचमेंट थेट मेलमधून उघडू नका. आधी डाउनलोड्समध्ये सेव्ह करा, तिथे तिची तपासणी होते. जीएसटीची नोटीस किंवा कुरिअरची पावती म्हणून येणाऱ्या झिप फाइलींच्या बाबतीत तर हे कटाक्षाने पाळा.

टप्पा ४: आयमॅपची मांडणी सुधारा

खातं पॉपचं असेल तर हा टप्पा सोडून पुढे जा. आयमॅप असेल तर रिपेअरच्या आधी हे झालंच पाहिजे, कारण रिपेअर केल्यावर थंडरबर्ड त्या फोल्डरचे मेल सर्व्हरवरून पुन्हा आणतो. काय आणायचं ते आधी ठरलेलं बरं.

१. अकाउंट सेटिंग्जमध्ये सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज उघडा. 'कीप मेसेजेस इन ऑल फोल्डर्स फॉर धिस अकाउंट ऑन धिस कॉम्प्युटर' यावर खूण हवी. खूण नसेल तर प्रत्येक मेल क्लिक केल्यावरच उतरतो. सगळा इतिहास नको असेल तर खाली किती दिवसांचे मेल आणायचे तो आकडा देता येतो. मागच्या हंगामाचा पत्रव्यवहार लागतो त्या ऑफिसला ३० दिवस कामाचे नाहीत, दोन वर्षं ठेवा.

२. त्याच पानावर ॲडव्हान्स्ड दाबून स्पॅम आणि ट्रॅशवरची खूण काढा.

३. सर्व्हर सेटिंग्ज, ॲडव्हान्स्ड. तिथे सर्व्हरशी एकाच वेळी किती जोडण्या ठेवायच्या तो आकडा आहे, मुळात ५ असतो. जीमेल एका खात्याला एकाच वेळी १५ आयमॅप जोडण्या देतं. आता हिशेब करा: ऑफिसचं एकच खातं तीन मशीनवर लावलं तर तिथेच १५ संपल्या. चौथं मशीन किंवा आयमॅपवरच लावलेलं एखादं मोबाईल ॲप जोडलं की कुणाला तरी थांबावं लागतं, आणि ज्याची पाळी हुकते त्याचा थ्रेड लटकतो. अशा ठिकाणी प्रत्येक मशीनवर हा आकडा २ करा.

४. जीमेल असेल तर ऑल मेल फोल्डरकडे बघा. ही सगळ्या मेलची पुन्हा एक यादी असते आणि तिची एमएसएफ फाइल सगळ्यात जड होते. खात्यावर उजवं क्लिक, सबस्क्राइब, ऑल मेलवरची खूण काढा. पण आधी हे विचारा: ऑफिसात कुणी मोबाईलवर जीमेलचं अर्काइव्ह (मेल न काढता इनबॉक्समधून बाजूला ठेवणं) वापरतं का? अर्काइव्ह केलेले मेल फक्त ऑल मेलमध्येच उरतात. ते फोल्डर लपवलं तर थ्रेडचे मधले मेल गायब दिसतील. तसं असेल तर ऑल मेल राहू द्या.

५. डावीकडे कुणी सेव्ह्ड सर्चचे (ठरावीक शोधाचे निकाल दाखवणारे) फोल्डर बनवले असतील तर त्यांची प्रॉपर्टीज उघडा. 'सर्च ऑनलाइन' वर खूण असेल तर ते फोल्डर उघडताना दरवेळी सर्व्हरला विचारलं जातं. खूण काढा.

टप्पा ५: यादी नव्याने बांधा

आता रिपेअर. ज्या फोल्डरात थ्रेड अडतो तोच घ्या, बहुतेक वेळा इनबॉक्स आणि सेंट. सगळ्या फोल्डरांवर एकदम हे करत सुटू नका.

१. डिलीट केलेले मेल ट्रॅशमध्ये असतील तर ट्रॅश रिकामं करा.

२. इनबॉक्सवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, जनरल इन्फर्मेशन, रिपेअर फोल्डर.

३. यादी रिकामी होते आणि हळूहळू भरते. या काळात दुसऱ्या फोल्डरवर क्लिक करू नका, मेल पाठवू नका. पॉपचा मोठा इनबॉक्स जुन्या हार्डडिस्कवर असेल तर पडदा काही मिनिटं गोठल्यासारखा दिसतो. विंडोज 'नॉट रिस्पॉन्डिंग' म्हणेल. एंड टास्क दाबू नका. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा आकडा हलतोय तोवर काम चालू आहे.

४. पूर्ण झालं की मेलची संख्या आधीच्या संख्येशी ताडून बघा.

*सावधान, डेटा पॅक:* आयमॅपचा मोठा इनबॉक्स रिपेअर करणं म्हणजे तो पुन्हा उतरवणं. दिवसाला दीड जीबीच्या मोबाईल पॅकवर हे सुरू केलं तर दुपारीच नेट संपतं आणि यादी अर्धी राहते. ब्रॉडबँड असेल तिथेच करा. गुगल वर्कस्पेसच्या खात्याला आयमॅपवरून दिवसाला २५०० एमबी उतरवण्याची मर्यादा आहे. ती ओलांडली तर खातं काही काळ अडवलं जातं. १० जीबीचं खातं असेल तर निदान चार दिवस लागतील, तेव्हा फोल्डरं वेगवेगळ्या दिवसांत वाटून घ्या.

पॉपच्या खात्यात रिपेअरनंतर कधी कधी जुने डिलीट केलेले मेल परत दिसतात. जुन्या यादीत 'काढलेला' म्हणून नोंद होती, पण मूळ फाइलीत खूण उतरली नव्हती, म्हणून असं होतं. घाबरण्यासारखं नाही, पुन्हा डिलीट करा.

कॉम्पॅक्ट आधी का नाही, असं विचारलं जातं. कॉम्पॅक्ट करताना थंडरबर्ड यादीकडे बघून ठरवतो की मूळ फाइलीतला कोणता भाग ठेवायचा आणि कोणता टाकायचा. यादीच चुकीची असेल तर ठेवायचा मेल टाकला जाऊ शकतो. म्हणून यादी आधी नीट करायची, तिच्या आधारावरची साफसफाई मागाहून.

टप्पा ६: इनबॉक्सचं ओझं वाटून द्या

डावीकडच्या फोल्डर पट्टीच्या वर तीन टिंबं आहेत, त्यातून शो फोल्डर साइझ चालू करा. कुठल्याही एका फोल्डरची फाइल २ जीबीच्या पुढे गेली असेल तर ती फोडावी, असं आमचं मत आहे. त्याहून मोठी फाइल चालत नाही असं नाही, पण जुन्या मशीनवर दुरुस्तीला लागणारा वेळ सोसवत नाही.

अकाउंट सेटिंग्ज, कॉपीज अँड फोल्डर्स, अर्काइव्ह ऑप्शन्स. तिथे वर्षवार हा पर्याय ठेवा. मग यादीत जुनी वर्षं निवडून ए दाबा. एका वेळी हजार-दोन हजार मेल, त्याहून जास्त नाही. वीस हजार एकदम निवडले तर आयमॅपवर मध्येच जोडणी तुटते आणि काही मेल दोन्हीकडे राहतात.

अर्काइव्ह कुठे करायचं हा निर्णय विचारपूर्वक घ्या. लोकल फोल्डर्स निवडलं तर मेल सर्व्हरवरून निघून फक्त या मशीनवर राहतात, साहेबांच्या मोबाईलवर ते दिसणार नाहीत. आणि मग बॅकअपची सगळी जबाबदारी तुमची.

एक तोटा आधीच सांगतो. यादीतला थ्रेड एकाच फोल्डरापुरता असतो. २०२३ चा मेल एका फोल्डरात आणि २०२४ चं उत्तर दुसऱ्यात गेलं की यादीत ते जोडलेले दिसणार नाहीत. पुढे कॉन्व्हर्सेशन टॅबमध्येच ते एकत्र दिसतील. म्हणून चालू हंगामाचा पत्रव्यवहार हलवू नका, ज्यांचे व्यवहार मिटले तीच वर्षं हलवा.

टप्पा ७: कॉम्पॅक्ट

अर्काइव्ह केलेले मेल इनबॉक्सच्या मूळ फाइलीत अजून आहेतच, फक्त खूण झाली आहे. ते बाहेर काढायचं काम आता.

१. टप्पा दोनप्रमाणे लाईट आणि जागा पुन्हा बघा.

२. इनबॉक्सवर उजवं क्लिक, कॉम्पॅक्ट. तो संपल्यावर सेंट. मग बाकीचे.

३. चालू असताना थंडरबर्डला हात लावू नका.

*तपासणी:* इनबॉक्स फाइलीचा आकार घटला पाहिजे. फोल्डर पट्टीत 'एनएसटीएमपी' नावाचं फोल्डर उगवलं असेल तर पूर्वी कधीतरी कॉम्पॅक्ट मध्येच तुटलं होतं. ते उघडा, त्यातले दहा-बारा मेल वेगवेगळ्या तारखांचे निवडून इनबॉक्समध्ये आहेत का ते बघा. सगळे सापडले तरच ते फोल्डर काढा. एक जरी सापडला नाही तर ते मेल आधी इनबॉक्समध्ये कॉपी करा.

पुढे हे आपोआप व्हावं म्हणून सेटिंग्ज, जनरल, डिस्क स्पेस इथे कॉम्पॅक्टची सोय आहे, मुळात २०० एमबी वाचणार असतील तेव्हा चालते. ती चालूच ठेवा. विचारणा करणारी खिडकी आली की 'नंतर' म्हणून ढकलत राहणं, यातूनच इनबॉक्स फुगतो.

टप्पा ८: ग्लोबल इंडेक्स नव्याने बांधा

आता या कामाची पाळी. ते संध्याकाळी ऑफिस बंद करताना सुरू करा.

१. सेटिंग्ज, जनरल, इंडेक्सिंग. एनेबल ग्लोबल सर्च अँड इंडेक्सर यावर खूण आहे ना? ती नसेल तर ओपन इन कॉन्व्हर्सेशन चालणारच नाही.

२. नको असलेली फोल्डरं वगळा. जाहिराती, बँकेचे ओटीपी, सर्व्हरचे आपोआप येणारे अहवाल अशा फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये ग्लोबल सर्चमध्ये घेण्याची खूण असते, ती काढा.

३. थंडरबर्ड पूर्ण बंद करा. प्रोफाइल फोल्डरात ग्लोबल मेसेजेस डीबी डॉट एसक्यूलाइट ही फाइल शोधा. ती डिलीट करू नका, नावापुढे जुनी असं काही जोडून ठेवा.

४. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये स्लीप 'नेव्हर' करा. मशीन झोपलं की बांधणी थांबते.

५. थंडरबर्ड चालू करा आणि टूल्स मेनूतलं ॲक्टिव्हिटी मॅनेजर उघडा. तिथे कुठल्या फोल्डरची बांधणी चालू आहे ते दिसतं.

तुम्ही मशीनवर काम करत असाल तर हा इंडेक्सर स्वतःहून मागे सरतो. म्हणून दिवसा सुरू केलेलं काम रेंगाळतं आणि लोकांना वाटतं की बिघडलं. रात्रभर सोडा. आयमॅपवर ज्या मेलचा मजकूर मशीनवर उतरलेला नाही त्यातले शब्द इंडेक्समध्ये येत नाहीत. टप्पा चारमधलं पहिलं काम टाळलं असेल तर त्याचा फटका इथे बसतो.

*सावधान:* बांधणी पूर्ण होईपर्यंत कॉन्व्हर्सेशनमध्ये अर्धेच मेल दिसतील. मेल हरवले असं समजून कुणी पुन्हा रिपेअर मारलं तर सगळं परत पहिल्यापासून सुरू होतं. ऑफिसातल्या सगळ्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा.

टप्पा ९: न्यूजग्रुप वाचत असाल तर

न्यूजग्रुप म्हणजे न्यूज सर्व्हरवरचे विषयवार चर्चेचे गट. इथे दुखणं थोडं वेगळं आहे. न्यूज सर्व्हरवरून थंडरबर्ड आधी फक्त शीर्षकं आणतो, मजकूर क्लिक केल्यावर येतो. मुळात ५०० हून जास्त शीर्षकं असतील तर तो विचारतो, आणि बहुतेक जण शेवटची ५०० घेतात. मग थ्रेडचं मूळ त्याआधीचं असेल तर उत्तरं पोरकी दिसतात. फाइल मेनूतून पुढची ५०० मागवा, मूळ सापडेपर्यंत. एकदम सगळी मागवली तर मोठ्या ग्रुपची यादी इतकी जड होते की तिथेच पुन्हा टप्पा पाचची वेळ येते.

रोज वाचायचा ग्रुप असेल तर त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये सिंक्रोनायझेशनखाली ऑफलाइनची खूण करा आणि डाउनलोड नाऊ दाबा. किती दिवसांपूर्वीचे मेसेज काढून टाकायचे तेही तिथल्या रिटेन्शनमध्ये ठरवा.

वेग आला, पण थ्रेड तुटकाच दिसतो?

टप्पा एकमधल्या चाचण्या त्याच थ्रेडवर पुन्हा करा आणि कागदावरच्या आकड्यांशी ताडा. यादीचा वेळ घटला पण कॉन्व्हर्सेशनचा नाही, तर इंडेक्सची बांधणी संपलेली नाही. ऑफलाइन झटपट आणि ऑनलाइन हळू, तर टप्पा चारमधल्या जोडण्यांचा आकडा पुन्हा बघा.

आकडे सुधारूनही मेल एकमेकांना जोडलेले दिसत नसतील, तर तो वेगाचा दोष नव्हे. प्रत्येक मेलच्या शीर्षात तो कोणत्या मेलचं उत्तर आहे याची नोंद असते आणि थंडरबर्ड तीवरून थ्रेड लावतो. समोरच्याने रिप्लाय न दाबता नवा मेल लिहून तोच विषय टाकला तर नोंदच नसते. उलटही होतं: पत्ता टाइप करायचा कंटाळा म्हणून जुन्या मेलवर रिप्लाय दाबून नवा विषय लिहिला जातो, आणि सोयाबीनच्या व्यवहारात ट्रॅक्टरच्या विम्याचा मेल घुसतो.

यावर उपाय म्हणून कुणी कॉन्फिग एडिटरमध्ये जाऊन मेल डॉट स्ट्रिक्ट थ्रेडिंग ही सेटिंग फॉल्स करायला सांगेल. करू नका. मग थंडरबर्ड विषयाची ओळ बघून मेल जोडतो, आणि ज्या ऑफिसात निम्म्या मेलचा विषय 'बिल' असतो तिथे वेगवेगळ्या व्यवहारांची उत्तरं एका थ्रेडखाली गोळा होऊ शकतात.

त्यापेक्षा कॉपीज अँड फोल्डर्समध्ये 'प्लेस रिप्लाइज इन द फोल्डर ऑफ द मेसेज बीइंग रिप्लाइड टू' यावर खूण करा. तुमचं उत्तर मूळ मेलच्याच फोल्डरात बसतं आणि यादीत दोन्ही बाजू सलग दिसतात, कॉन्व्हर्सेशन उघडायचीही गरज राहत नाही. जीमेलच्या खात्याला हे लावू नका, तिथे सेंटची प्रत सर्व्हर स्वतः ठेवतो आणि दुहेरी मेल जमतात.

आठ दिवस सगळं सुरळीत चाललं की प्रोफाइलमधली नाव बदलून ठेवलेली जुनी इंडेक्स फाइल काढून टाका, आणि बाहेरच्या डिस्कवरचा बॅकअप मात्र निदान हंगाम संपेपर्यंत राहू द्या.